उशाशी असावीत अशी पुस्तके

२०१२ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या कचेरीतल्या एका स्नेह्याचा तरुण मुलगा अपघातात गेला. दहावा-बारावा झाला, पाहुणे आपापल्या गावी परतले आणि घर रिकामे झाल्यावर खरे दुःख घरात राहायला आले. मी भेटायला निघालो तेव्हा हातात काय न्यावे हा प्रश्न पडला. अशा वेळी फळे, बिस्किटे नेणे मला कसेसेच वाटते. म्हणून कपाटापुढे उभा राहिलो आणि पुत्रशोकावरचे एक गाजलेले पुस्तक काढले. दुःखातून गेलेल्या माणसाचे शब्द दुःखातल्या माणसाला आधार देतील, असा माझा सरळ हिशेब होता. पुस्तकाला वर्तमानपत्राचे कव्हर घातले आणि नेऊन दिले.

महिन्याभराने त्याने ते परत आणून दिले. कव्हरची घडीसुद्धा मोडलेली नव्हती. म्हणाला, "रागावू नकोस. पण दुःख घरात भरपूर आहे रे. दुसरं काही असलं तर दे. आणि शक्यतो माणसं कमी असतील असं दे."

त्याला मग काय दिले ते शेवटी सांगतो. पण त्या दिवशी मी मनातून फार खजील झालो. पन्नाशी उलटेपर्यंत पुस्तकांत बुडालेला माणूस मी. मित्रमंडळींत कुणाला काय वाचावे हे सांगण्याचा मक्ता माझ्याकडे. आणि ऐन वेळी मी तहानलेल्याला पाणी सोडून पाण्यावरचा निबंध नेऊन दिला होता. असे का झाले असावे, याचा विचार करताना मला थेट माझ्या लहानपणापर्यंत मागे जावे लागले.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, फलटण तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवत. आमच्या घरात पुस्तकांचे दोन वर्ग होते. एक 'वाङ्मय' आणि दुसरा 'वाचायची पुस्तके'. वाङ्मय अण्णांच्या काचेच्या कपाटात असे. वाचायची पुस्तके आईच्या उशाखाली आणि माझ्या ज्वारीच्या कणगीमागे असत. एसटी स्टँडवरच्या पानपट्टीवाल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा दिवसाला दहा पैसे भाड्याने मिळत. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू या मंडळींनी माझ्या कितीतरी दुपारी सोन्याच्या केल्या. अण्णांच्या हाती एखादी लागली की ती जप्त होई आणि भाड्याचे पैसे मात्र माझ्या नावावर चढत राहत. "हे अफू आहे," अण्णा म्हणायचे. "याने डोकं सुन्न होतं. वाचायचं तर असं वाच, की वाचून झाल्यावर झोप लागता कामा नये."

अण्णा एकटे नव्हते. त्यांच्या पिढीतल्या बहुतेक सुशिक्षित माणसांचे हेच मत होते. मराठी समीक्षेत 'पलायनवादी' हा शब्द शिवीसारखा वापरला गेला. 'कलेसाठी कला' की 'जीवनासाठी कला' हा ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांनी गाजलेला वाद त्या पिढीने चवीने वाचला. वादात सरशी कुणाची झाली ते राहू द्या. पण त्याच्या धुरळ्यातून सामान्य वाचकाच्या मनात एक समजूत पक्की बसली, की ज्याने त्रास होतो ते पुस्तक भारी आणि ज्याने बरे वाटते ते हलके. गंमत अशी, की रात्री जागून फडक्यांची कादंबरी संपवणारे लोकच सकाळी चारचौघांत तिला नाके मुरडत. बरे वाटून घेणे ही जणू चोरून करायची गोष्ट होती. स्नेह्याच्या दारात मी ते जडशीळ पुस्तक घेऊन उभा होतो तेव्हा माझ्या आतून अण्णाच बोलत होते.

आता अण्णांचीच दुसरी गोष्ट सांगतो. २०१४ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी त्यांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले. आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले. रात्रीच्या पाळीला मी असे. अण्णांना मोतीबिंदूमुळे वाचता येत नव्हते, म्हणून मी वाचून दाखवायचे ठरले. एव्हाना मी थोडा शहाणा झालो होतो. गंभीर काही न नेता मी पु. ल. देशपांड्यांचे 'व्यक्ती आणि वल्ली' नेले. 'नारायण' सुरू केला आणि दोन पाने होतात न होतात तोच अण्णांनी पोट धरले. "बंद कर, बंद कर! टाके दुखतात." विनोद हे औषध आहे असे आपण सगळेच म्हणतो, पण ओटीपोटाला टाके घातलेल्या माणसाला ते चालत नाही, हे मला त्या रात्री कळले. दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरी नेली. अण्णा म्हणाले, "ती मला येते. तू झोप." तिसऱ्या रात्री बराच वेळ छताकडे पाहत पडून राहिल्यावर त्यांनी हळूच विचारले, "त्या झुंजारचं काही मिळतं का रे अजून?"

मी उडालोच. "अण्णा, तुम्हाला झुंजार कसा माहीत?"

"जप्त केलेला माल तपासावा लागतो," अण्णा म्हणाले.

गावातल्या वाचनालयातून अर्नाळकरांच्या जुन्या पुस्तकांचा एक बांधीव गठ्ठा मिळाला. कडा ठिसूळ झालेल्या, पानांना शिळ्या गवतासारखा वास. रात्री दहाला वॉर्डातले मोठे दिवे मालवत, मग मी मोबाइलच्या उजेडात हळू आवाजात वाचू लागे. दुसऱ्याच रात्री शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "मास्तर, जरा मोठ्यानं वाचा की." माण तालुक्यातले एक शेतकरी होते, पाय मोडून आलेले. तिसऱ्या रात्री पलीकडच्या दोन खाटाही ऐकू लागल्या. त्या गृहस्थांना घरी सोडायचा दिवस उजाडला, मुलगा रिक्षा घेऊन आला, तरी ते खाटेवरून उठेनात. मला म्हणाले, "खून कुणी केला तेवढं सांगा, मग जातो." मी शेवटची वीस पाने चाळून त्यांना सांगितले, तेव्हा ते समाधानाने कुबड्या घेऊन निघाले. त्या आठ दिवसांत त्या वॉर्डात दुखणे कमी झाले असे मी म्हणत नाही. पण रात्र लहान झाली, एवढे नक्की. रुग्णालयात रात्र लहान होणे म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यालाच विचारा.

अशा वाचनाला 'पलायन' म्हणावे का? आमच्या भागातून ज्ञानेश्वर माऊलींची पालखी जाते. लोणंदहून तरडगावकडे निघाले की वाटेत चांदोबाचा लिंब लागतो. तिथे पहिले उभे रिंगण होते. घोडा धावतो, लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात, मग फुगड्या, हुतूतू, उडीचे खेळ. आळंदीपासून पाय ओढत आलेली, सत्तरी गाठलेली माणसे पोरांसारखी नाचतात. दिवसभराच्या चालीत जागोजागी विसावे ठरलेले असतात. विसाव्याला बसलेल्या वारकऱ्याला 'तू वारी सोडून पळालास' असे कुणी म्हणत नाही. विसावा हा वारीचाच भाग आहे. तो नसेल तर पंढरपूर येणार नाही. मन रमवणारे पुस्तक म्हणजे मला असा विसावा वाटतो. चालणे चालूच आहे, पंढरपूर अजून लांब आहे, मधे घटकाभर पाठ टेकली इतकेच.

ही माझ्यासारख्या हौशी वाचकाचीच कल्पना नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४७ या काळात, अमेरिकेने आपल्या सैनिकांसाठी खास पुस्तके छापली. गणवेशाच्या खिशात मावतील अशी आडव्या आकाराची, हलक्या कागदाची. तेराशेच्या वर पुस्तके निवडली गेली आणि त्यांच्या सुमारे बारा कोटी प्रती सैनिकांना फुकट वाटल्या गेल्या. त्यांत अभिजात ग्रंथ होते, तसेच घोडेस्वार-बंदूकबाजांच्या कथा, रहस्यकथा आणि विनोदही होता. समोर मरण दिसत असलेल्या माणसाने वास्तव विसरू नये म्हणून त्याला वास्तववादी कादंबरीच द्यावी, असा हट्ट कुणी धरला नाही. आणि ज्या काळाला इंग्रजी रहस्यकथेचे सुवर्णयुग म्हणतात तो काळ कुठला? पहिल्या महायुद्धानंतरची दोन दशके. घरोघरी माणसे गमावलेल्या त्या समाजाला अगाथा ख्रिस्तीच्या गोष्टींतला खून का आवडावा? माझा तर्क असा, की त्या गोष्टीत मरणाला कारण असते. कुणीतरी ते शोधून काढते, सर्वांना दिवाणखान्यात बसवून समजावून सांगते, आणि शेवटच्या पानावर जग पुन्हा जागच्या जागी येते. खऱ्या मरणात यातले काहीच मिळत नाही.

तेव्हा दिलासा देणारे पुस्तक म्हणजे गोडगोड पुस्तक, ही समजूत आधी काढून टाकली पाहिजे. गोड पुस्तके दुःखी माणसाला फार लवकर कळतात आणि त्यांचा रागही येतो. दिलासा देणाऱ्या पुस्तकात मला तीन गोष्टी दिसल्या आहेत. त्यातल्या जगाला स्वतःचे नियम असतात आणि ते मधेच मोडत नाहीत. त्याची चाल सावकाश असते, वाचणाऱ्याला धापा टाकत मागे धावावे लागत नाही. आणि ते पुन्हा वाचता येते. किंबहुना दुसऱ्यांदा वाचतानाच ते खरे कामाला येते, कारण पुढे काय होणार ही धास्ती संपलेली असते. लहान मूल रोज रात्री तीच गोष्ट का मागते आणि त्यातला एक शब्द बदलला तरी का रडते, याचे उत्तर इथेच आहे.

आता वाचकहो, एवढे ऐकून घेतलेत तर शिफारशीही ऐका. डॉक्टर जसे प्रकृती पाहून औषध देतात तसे मी प्रसंग पाहून सांगतो. अनुभव माझा आणि माझ्या स्नेह्यांचा. गुण आला नाही तर पुस्तकाचा दोष मानू नये, प्रकृतीचा मानावा.

आजारपणात, विशेषतः रुग्णालयात, रहस्यकथा. प्रकरणे लहान हवीत, पुस्तक एका हातात धरता आले पाहिजे, कारण दुसऱ्या हाताला सलाइन असते. अर्नाळकर मिळाले तर उत्तम. ख्रिस्तीबाई मराठी अनुवादातही चालतात. टाके निघाले की मग खुशाल विनोदाकडे वळावे.

झोप येत नसेल तर चालत्या माणसाची पुस्तके. गो. नी. दांडेकरांची 'दुर्गभ्रमणगाथा' घ्या. त्यात गड आहेत, वाटा आहेत, उन्हे-चांदणी आहेत आणि लिहिणारा पायी चालतो आहे, त्यामुळे वाक्येही पायीच चालतात. त्यांचा 'माचीवरला बुधा' मुंबई सोडून राजमाचीला राहायला जातो. ज्यांना शहर असह्य झाले आहे आणि सोडताही येत नाही अशांनी रात्री चार पाने वाचावीत. शेवट मी सांगणार नाही.

एकटेपणावर 'व्यक्ती आणि वल्ली'. मुले परदेशी, घरात दोन माणसे आणि तीन खोल्या, अशी स्थिती आता गावोगाव आहे. अशा घरात हे पुस्तक उघडले की अंतू बर्वा, हरितात्या, नारायण, सखाराम गटणे अशी मंडळी एकेक करून येऊन बसतात. या पुस्तकाला १९६५ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्यांना हसणे आणि थोरपण एकत्र नांदू शकत नाही असे वाटते, त्यांच्यासाठी ही माहिती.

आपली फजिती झाली असेल, नोकरीत, व्यवहारात, व्याह्यांपुढे, तर चिं. वि. जोशी. बडोद्यात पाली भाषा शिकवणाऱ्या या विद्वान माणसाने चिमणराव नावाचा एक भित्रा, भाबडा कारकून जन्माला घातला. 'चिमणरावांचे चऱ्हाट' १९३३ साली आले. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांची प्रत्येक योजना फसते आणि तरी दुसऱ्या दिवशी ते नवी योजना आखतात. आपल्याहून जास्त वेळा तोंडावर आपटलेला माणूस इतक्या हौसेने उभा राहतो, हे पाहून आपल्यालाही उठावेसे वाटते.

संसाराने दमलेल्यांना, मग त्या बाया असोत की पुरुष, लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. याचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून झालेली ताटातूट, प्लेग, दारिद्र्य, किती म्हणून सांगावे. तरीही हे पुस्तक रडवत ठेवत नाही. स्वतःवर हसण्याची अशी ताकद मराठीत मला दुसरीकडे फारशी दिसली नाही. हे पुस्तक वास्तवातून कुठेही पळत नाही आणि तरी वाचून हलके वाटते. पलायनवादाच्या व्याख्येत ते बसत नाही, हा व्याख्येचा प्रश्न.

आणि जबाबदाऱ्यांनी ज्यांचे डोके भणभणले आहे अशा चाळिशी-पन्नाशीच्या लोकांना मी बिनदिक्कत बालवाङ्मय सांगतो. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे ऊर्फ फास्टर फेणे, ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या, शांता शेळक्यांनी मराठीत आणलेल्या 'चौघीजणी'. लाजू नये. नातवासाठी नेतो आहे असे ग्रंथपालाला सांगावे. तोही तसेच करतो.

इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी पी. जी. वुडहाऊस सांगायला नकोच. लॉर्ड एम्सवर्थ या सद्गृहस्थाच्या आयुष्यातली सर्वांत मोठी आपत्ती कोणती, तर त्याची बक्षीसपात्र डुकरीण जेवत नाही. अशा जगात अधूनमधून जाऊन यावे.

पण इथेच थांबून दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर अण्णा वरून माझा कान धरतील. हाच वुडहाऊस १९४० साली फ्रान्समध्ये राहत असताना जर्मनांच्या हाती सापडला. त्याला स्थानबद्ध केले गेले. तिथेही त्याने कादंबरी लिहून पुरी केली. १९४१ साली सुटका झाल्यावर त्याने बर्लिनहून अमेरिकेसाठी नभोवाणीवर पाच भाषणे केली, छावणीतल्या जीवनाची गंमत सांगणारी. लंडनवर बाँब पडून फार दिवस झाले नव्हते. इंग्लंडमध्ये संतापाचा डोंब उसळला. चौकशीत तो देशद्रोही नव्हे, भाबडा ठरला. पण तो पुन्हा इंग्लंडमध्ये राहायला कधी गेला नाही. १९७५ च्या प्रारंभी त्याला 'सर' हा किताब मिळाला आणि त्याच फेब्रुवारीत तो वारला. जगाला इतका विसावा देणारा माणूस स्वतः मात्र त्या विसाव्यातून वेळेवर उठला नाही, असे मला वाटते.

दुसऱ्याचे कशाला, माझेच सांगतो. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा रोज सकाळी फोनवर कुणी ना कुणी गेल्याची बातमी येई. मी फोन बंद करून टाकला आणि आठ दिवस पुस्तकांत तोंड खुपसून बसलो. सगळी माझी आवडती, बिनधोक पुस्तके. नवव्या दिवशी कळले, की दोन गल्ल्या पलीकडे राहणारा माझा आत्तेभाऊ आणि वहिनी दोघेही तापाने पडून होती आणि औषधे आणून द्यायला त्याने मला तीनदा फोन केला होता. शेजारच्या पोरांनी धावपळ केली. दोघे बरे झाले. आत्तेभाऊ मला काही बोलला नाही, अजूनही बोललेला नाही. पण त्याच्या दारावरून जाताना मला ते आठ दिवस आठवतात. त्यात पुस्तकांचा दोष नव्हता. विसाव्याला बसलेल्याने कर्णा वाजला की उठायचे असते. मी कान झाकून बसलो होतो.

मग अण्णा म्हणत ते खरे, हे अफूच म्हणायचे का? नाही. कारण अफूला 'पुरे' म्हणता येत नाही आणि पुस्तकाला येते. पुस्तकाला शेवटचे पान असते. आज हातातल्या फोनवर बोटाने सरकवत जाण्याची जी चित्रफितींची साखळी असते तिला शेवटच नाही. तिथे तास जातो आणि उठल्यावर माणूस बसला होता त्याहून थकलेला असतो. पुस्तक संपते, मिटते, उशाशी ठेवले जाते. ते आपल्याला घेऊन जाते आणि परत आणून सोडते. परतीची सोय आहे की नाही, एवढेच पाहावे. माझ्या बाबतीत ती होती. मीच तिकडे पाहिले नाही.

शेवटी दोन व्यवहाराच्या सूचना. आजाऱ्याला किंवा दुःखातल्या माणसाला पुस्तक देताना आधी विचारावे. 'काय वाचशील?' एवढे नव्हे, तर 'काय नको?' असे विचारावे. त्याचे उत्तर माणसाला चटकन देता येते. 'हे वाच, बरं वाटेल' असे म्हणू नये. बरे वाटले नाही तर त्याला उगाच अपराधी वाटते. नंतर अभिप्राय मागू नये आणि पुस्तकाची परतफेडही मागू नये. दुसरी सूचना वाचनालयांना. आपल्याकडे १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, त्याच्याही किती आधीपासून गावोगाव वाचनालये होती. त्यांपैकी अनेकांच्या कपाटांवर आज धूळ आहे. अशा प्रत्येक वाचनालयाने एक फळी वेगळी काढावी, तिच्यावर मन रमवणारी पन्नास पुस्तके ठेवावीत, आणि गावातल्या रुग्णालयाला आठवड्यातून एकदा एक पेटी पाठवावी. फार पैसा लागत नाही. शेवटची वीस पाने फाटलेली नसावीत, एवढी मात्र काळजी घ्यावी. का, ते वर सांगितलेच आहे.

आता माझ्या स्नेह्याचे. 'माणसं कमी असतील असं' त्याने मागितले होते. मी त्याला व्यंकटेश माडगूळकरांचे 'नागझिरा' दिले. विदर्भातल्या त्या जंगलात लेखक राहायला जातो, झाडे पाहतो, जनावरे पाहतो, ओढ्याकाठी बसून राहतो. बस्स. अडीच महिन्यांनी पुस्तक परत आले. मधे एसटीचे तिकीट खुणेला घातलेले राहून गेले होते. "अजून आहे का असं?" त्याने विचारले. मग मारुती चितमपल्लींची पुस्तके दिली. मग गोनीदा. पुढे हळूहळू त्याला माणसे चालू लागली. आधी चिमणराव, मग बाकीची. आम्ही पुस्तकाबद्दल बोलत नसू. कचेरीच्या दारातल्या टपरीवर चहा घ्यायचा, पुस्तकाची अदलाबदल करायची, की तो त्याच्या वाटेने आणि मी माझ्या.

दीड वर्ष असे गेले. एक दिवस चहाचा ग्लास ठेवता ठेवता तो म्हणाला, "ते तू पहिल्यांदा आणलं होतंस ना, ते आहे का अजून तुझ्याकडे?"

दुसऱ्या दिवशी मी ते नेऊन दिले. कव्हर तेच होते. त्याने ते वाचले की नाही, हे मी विचारले नाही. ते अजून त्याच्याकडेच आहे.